घोडा पान ८१ वर भेटेल

पुस्तक हातात आलं की आत्या ते आधी उघडायची नाही. आडवं धरायची, पानांच्या कडा स्वतःकडे करून, खिडकीच्या उजेडात. माणसाच्या बोटांना घाम असतो, धूळ असते, खाल्लेलं काहीबाही असतं. पान उलटताना ते सगळं कडेला लागतं. जिथवर वाचलं तिथवर कड मळते, पुढे कोरी राहते. वीस-पंचवीस हातांतून फिरून आलेल्या पुस्तकाची कड आत्याला घड्याळासारखी कळायची.

“हे पान तीसवर वारलं,” म्हणून ती एक पुस्तक बाजूला ठेवायची. “हे मात्र शेवटापर्यंत गेलं. आणि हे बघा, ह्याचं एकशे बारावं पान पार काळं पडलंय. काहीतरी चावट असणार.”

“आत्या, तुम्ही बाइंडर आहात का डॉक्टर?” ग्रंथपालबाई विचारायच्या.

“डॉक्टरसमोर पेशंट खोटं बोलतो. माझा नाही बोलत.”

वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, तिची खोली. छप्पर एका बाजूला उतरतं, त्यामुळे उंच माणसाने आत येताना आपोआप नमस्कार केल्यासारखं व्हायचं. एक लांब टेबल, लोखंडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं आणि स्टोव्हवर खळीचं पातेलं. खळ म्हणजे पीठ शिजवून केलेला चिकटा. तिचा आंबूस वास खोलीला होता, आत्याच्या कपड्यांना होता, आणि तिचा भाऊ म्हणायचा तसा तिच्या स्वभावालाही होता. चिकटली की सुटत नाही.

हा धंदा बापाचा. बापाचा एकच नियम होता, बाइंडराने वाचू नये. “वाचत बसलीस तर खळ वाळेल, आणि खळ वाळली की आपण वाळू.” मुलगी ऐकायची आणि बापाची पाठ वळली की वाचायची. पण पुस्तक म्हणून नाही. छापखान्यात एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात. तो कागद दुमडला की झाला एक फॉर्मा. असे फॉर्मे एकावर एक रचून सुईदोऱ्याने शिवले की पुस्तक. शिवायच्या आधी फॉर्मे टेबलावर सुटे पडलेले असत, तेवढ्यात हाताला येईल तो ती वाचून घ्यायची. त्यामुळे तिला शेकडो गोष्टींची मधलीच सोळा-सोळा पानं ठाऊक होती. कुठलासा राजपुत्र तिच्या डोक्यात तीस वर्षं झाडाला बांधून पडला होता, कारण पुढचा फॉर्मा बापाने आधीच शिवून टाकला. तिचं लग्नही तसंच झालं. मधूनच सुरू झालं आणि मधूनच संपलं. नवरा चार वर्षांत तापाने गेला. त्या चार वर्षांबद्दल ती फार बोलायची नाही. पण कधी बोललीच तर म्हणायची, “फॉर्मा चांगला होता.”

वाचनालयात येणारी सगळी पोरं तिला आत्या म्हणत, त्याला कारण भिंगरी. भिंगरी ही तिच्या धाकट्या भावाची मुलगी, वय वर्षं बारा. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. भाऊ ट्रकवर, आठवड्यातले चार दिवस बाहेर. भावजय दवाखान्यात नर्स. त्यामुळे शाळा सुटली की भिंगरी थेट जिन्याखाली यायची आणि आईची ड्युटी संपेपर्यंत तिथे भिरभिरायची.

सात वर्षांची होती तेव्हा ही पोर चालताचालता वाचायची. एकदा दिव्याच्या खांबावर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं, तरी पुस्तकातलं बोट काढलं नाही. आत्या ते टेंगूळ चोळताना मनातून हरखली होती. घराण्यात बाइंडर तीन झाले होते, वाचणारी ही पहिलीच निघणार.

मग तक्ता आला.

त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. ग्रंथपालबाई तरुण, कामाला वाघ. पोरांनी वाचावं म्हणून त्यांचा जीव तुटायचा. त्यांनी शाळेशी बोलून मोठ्या दालनात भिंतभर तक्ता लावला. काचेच्या कपाटातलं पुस्तक न्यायचं, वहीत दहा ओळींचा सारांश लिहायचा, बाईंची सही घ्यायची, की नावापुढे एक चांदणी. वर्षअखेरच्या कार्यक्रमात सगळ्यांत जास्त चांदण्या असलेल्या मुलाने मंचावर पाहुण्यांशेजारी बसायचं आणि पाच मिनिटं बोलायचं.

भिंगरीच्या नावापुढे तेवीस चांदण्या होत्या. पहिला नंबर. तिच्या आईने अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं होतं. टाके काढता काढता सांगायची, म्हणजे पेशंटला पळताही येत नसे.

आणि आत्याला ठाऊक होतं की त्या तेवीसमधलं एकही पुस्तक भिंगरीने वाचलेलं नाही.

काचेच्या कपाटातली पुस्तकं वेष्टन घालायला तिच्याकडेच यायची. तिने कडा बघितल्या. सुरुवातीची चार-पाच पानं मळकी, शेवटची दोन मळकी, मधे सगळं पांढरंफेक. मधे कुणी फिरकलंच नव्हतं. फक्त भिंगरीच नाही, कुणीच नाही. पोरं मागच्या वेष्टनावरचा मजकूर वाचत, शेवटचा परिच्छेद वाचत, आणि “हे पुस्तक मला फार आवडले” असं लिहून मोकळी होत. पूर्वी खाऊ असलेल्या गोष्टीची आता हमाली झाली होती, आणि हमाल काही पोत्यात काय आहे ते चाखून बघत नाही.

आत्या बोलली नाही. खोटं बोलणारं मूल पकडलं तर ते खोटं बोलायचं थांबवत नाही, फक्त जास्त हुशारीने बोलतं. हे तिला बापाच्या पाठीमागे वाचून वाचून चांगलं कळलेलं होतं. पण पोर समोर भिरभिरताना दिसली की तिला ते टेंगूळ आठवायचं. खांबावर आपटलेली ती कुठे गेली?

एका सोमवारी दुरुस्तीला एक जुनं पुस्तक आलं. दोन वर्षांपूर्वी आत्यानेच बांधलेलं, पण पुन्हा पाठ मोडलेली, शिलाई सैल, एका कोपऱ्यावर चहा सांडलेला. ते तक्त्याच्या कपाटातलं नव्हतं, खालच्या फळीवरचं होतं, जिथलं नेलं तर चांदणी मिळत नसे. आत्याने कडा बघितल्या. पहिल्यापासून शेवटापर्यंत एकसारख्या करड्या.

“हे जगलं,” ती म्हणाली आणि शिलाई उसवून फॉर्मे सुटे केले.

प्रत्येक फॉर्म्याच्या घडीवर पातळ कागदाची पट्टी लावून तो वाळत घालायचा होता. दोन्ही हात खळीत. भिंगरी टेबलाखालून पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करत होती.

“ए भिंगरी, रिकामी आहेस तर जोड तपास.”

“म्हणजे?”

“एका फॉर्म्याची शेवटची ओळ वाचायची, मग पुढच्याची पहिली. वाक्य जुळलं तर क्रम बरोबर. माझे हात भरलेत.”

भिंगरीने पहिला फॉर्मा उचलला. “‘टपालवाला दमून घरी आला. त्याने दार उघडलं तर आत,’” मग दुसरा उचलला, “‘घोडा उभा होता.’” ती थांबली. “घरात घोडा?”

“जुळलं ना? पुढचं बघ.”

“पण घरात घोडा कसा आला?”

“मला काय विचारतेस, मी घरात नव्हते.”

भिंगरी पहिला फॉर्मा उलटसुलट करत राहिली. मग मान वर न करता विचारलं, “ह्याचा सारांश लिहावा लागेल?”

“कशाचा सारांश? पुस्तक कुठाय? सुटे कागद आहेत हे. सुट्या कागदांना चांदणी नाही आणि वहीही नाही.”

“मग ठीकाय.”

ती पुठ्ठ्यांच्या चळतीवर टेकली. पहिल्या पानापासून वाचू लागली. सोळा पानं संपल्यावर तिने दुसऱ्या फॉर्म्याला हात घातला तर आत्या ओरडली, “ओला आहे! उद्या.”

“उद्या?”

“खळ माझं ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?”

खरं म्हणजे खळ तासाभरात वाळते. पण तेवढं खोटं आत्याने आपल्या पदरी घेतलं.

मंगळवारी दुसरा, बुधवारी तिसरा. भिंगरी दप्तर टाकायच्या आधी “वाळला का?” असं विचारू लागली. आत्या जवळ बसून आपला दुसराच कुठला तरी फॉर्मा वाचायची, तिने “कळलं का?”, “काय शिकलीस?” असलं काही विचारलं नाही. विचारायची ती भिंगरीच. “आत्या, हा टपालवाला घोड्याला सारखा शिव्या का देतो? त्याला आवडतो का नाही?”

“तुझा बाप ट्रकला शिव्या देतो, तेव्हा ट्रक विकतो का?”

भिंगरीने विचार केला. “म्हणजे आवडतो.”

गुरुवारी चौथा फॉर्मा संपला तेव्हा ती उभीच राहिली. टपालवाला आणि घोडा पूर आलेल्या नदीत, पूल अर्धा वाहून गेलेला, घोड्याचे मागचे पाय पाण्यात, पत्रांची पिशवी दोराने त्याच्या खोगिराला बांधलेली. चौसष्टाव्या पानाची शेवटची ओळ होती, ‘टपालवाल्याने खिशातून चाकू काढला आणि’.

“आणि काय? आत्या, आणि काय?”

“वाळतंय.”

“आत्या, तू दुष्ट आहेस.”

“माहितीये. जा, आई आली असेल.”

शुक्रवारी भिंगरी धावत आली. पाचवा फॉर्मा उचलला, दारातच वाचू लागली. “‘वात कापून दिवा पुन्हा पेटवला.’ बरं, कंदील लावला त्याने.” पुढे वाचत गेली, आणि तिचा वेग मंदावला. “आत्या, हा वर चढतोय. शंभर पायऱ्या. आणि समुद्र कुठनं आला? नदी होती ना? घोडा कुठाय?”

आत्याने हात पुसले आणि फॉर्मा घेतला. पान पासष्ट, खाली फॉर्म्याचा आकडा पाच, कागद तोच, टाइप तोच. पण हे दुसरंच पुस्तक होतं. समुद्रातल्या दीपस्तंभावरच्या दिव्याचा राखणदार, त्याच्या पायऱ्या, त्याचे पक्षी.

तिचे कान तापले. दोन वर्षांपूर्वीची दुपार तिला लख्ख आठवली. एकाच छापखान्याची दोन पुस्तकं टेबलावर सुटी होती. ती घोड्याचा पाचवा फॉर्मा वाचत होती आणि नेमकी कुणीतरी हाक मारली. तिने गडबडीने तो ठेवला आणि चुकीच्या चळतीवर ठेवला. नंतर जोडही तपासली होती. ‘चाकू काढला आणि’, ‘वात कापून’. वाक्य सुतासारखं जुळलं! दोन ओळी वाचून ती पुढे गेली होती. बाप म्हणाला होता, बाइंडराने वाचू नये. चाळीस वर्षांत एकदा त्याचं खरं झालं होतं.

“इथे बघ,” भिंगरी म्हणाली. “कुणीतरी लिहिलंय.”

पासष्टाव्या पानाच्या समासात पेन्सिलीचं मोठं, गिरवलेलं अक्षर होतं, ‘घोडा कुठे गेला???’ त्याखाली दुसरं, बारीक, ‘मला पण हाच प्रश्न आहे.’ त्याखाली तिसरं, वळणदार, ‘घाबरू नका. घोडा पान ८१ वर भेटेल. जिवंत आहे.’ आणि अगदी तळाला चौथं, ‘जिवंत आहे हे कशाला सांगितलंस गाढवा.’

आत्याला हसू आलं आणि रडू पण. वाचनालयात तक्रारीची वही होती, ती कोरी होती. आणि इथे ही चार पोरं एकमेकांना कधी न भेटता, अंधारात हात धरून पुलावरून नेल्यासारखी, पुढच्या काठावर पोचवत होती.

भिंगरीने एक्याऐंशीवं पान उघडलं होतं. “आहे. जिवंत आहे. पण गळ्यात लाल मफलर आहे. आणि टपालवाला त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. का? मधे काय झालं?”

“मी वाचलंय.”

“सांग मग!”

“नाही सांगणार. माझ्या तोंडचा घास तू कशाला खातेस? तो फॉर्मा मिळवू. दिव्याच्या पुस्तकात गेलाय माझ्या हातून. काचेच्या कपाटात आहे ते. सात पोरांनी नेलंय, मला चांगलं...” आणि ती बोलता बोलता थांबली. भिंगरीचा चेहरा उतरला होता. “तू पण नेलंस ना गं ते? चौदावी चांदणी का पंधरावी?”

“सोळावी.”

“मग भर समुद्रात घोडा आलेला तुला दिसला नाही?”

भिंगरी पुठ्ठ्याचा कोपरा सोलत राहिली. मग पुटपुटली, “मागचं वाचून लिहिलं. सगळेच लिहितात.”

“माहितीये.”

“तुला कसं?”

“कडा पांढऱ्या आहेत.”

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मग ओरडली का नाहीस?”

“मी कुठल्या तोंडाने ओरडू? तू न वाचता लिहिलंस, मी वाचायच्या नादात चुकीचं शिवलं. दोघी सारख्याच.” आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, खळीचाच. “हे बघ. चांगलं शिवलेलं पुस्तक उसवायचं तर बाईंना सांगून नोंद करावी लागते. मी माझी चूक सांगणार. माझ्या हातची आहे, मला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. पण बाई लगेच विचारतील, सात पोरांनी वाचलं, एकानेही कसं सांगितलं नाही? तेव्हा मी तुझं नाव घेणार नाही. तुझं तू ठरव.”

“कार्यक्रम पुढच्या शनिवारी आहे.”

“हो.”

“आईने वॉर्डभर सांगितलंय.”

“तेही माहितीये.”

आत्या उठून बाईंकडे गेली. ग्रंथपालबाई दालनात कार्यक्रमाच्या खुर्च्या मोजत होत्या. आत्याने सरळ सांगितलं, मान खाली घालून, पहिल्यांदाच कुणाचा ओरडा खाणाऱ्या पोरीसारखं. बाईंनी कपाट उघडलं, दिव्याचं पुस्तक काढलं, पान पासष्ट उघडलं. राखणदाराने कात्री घेतली होती आणि पुढच्या पानावर भलत्याच माणसाने दोर कापला होता.

“पण हे तर सात मुलांनी वाचलंय,” बाई म्हणाल्या. “थांबा, वह्या बघते.” त्यांनी वह्या काढल्या. एक वाचली, दुसरी वाचली. “‘राखणदाराच्या एकाकी जीवनाची हृदयस्पर्शी कहाणी...’ ह्यातही तेच. ‘हृदयस्पर्शी’ची वेलांटीसुद्धा तशीच चुकलीय.” त्यांचा आवाज बारीक होत गेला. तिसरी वही भिंगरीची होती.

“बाई, ते मी वाचलेलं नाही.”

भिंगरी दारात उभी होती. पाचवा फॉर्मा छातीशी धरलेला.

“मागचं वाचून लिहिलं. बाकीची बावीसपण तशीच. पण घोड्याचं खरं वाचतेय, चौसष्ट पानांपर्यंत वाचलंय. पुढची सोळा त्याच्यात आहेत.” तिने दिव्याच्या पुस्तकाकडे बोट दाखवलं. मग घाईघाईने, बाई काही बोलायच्या आत, “चांदण्या काढून टाका, चालेल. पण ते आजच उसवा ना. टपालवाल्याने काय कापलं ते मला बघायचंय.”

बाई एका मोजलेल्या खुर्चीवर बसल्या. तक्त्याकडे बघितलं, इतक्या चांदण्या, चमचमत होत्या. मग वहीतल्या आपल्याच सह्यांकडे बघितलं.

“मी तरी कुठे वाचलंय,” त्या म्हणाल्या. “मीही मागचंच वाचून सही केली. वेळच नव्हता. सारांश तपासायचे होते.”

आत्याला इतकं पटकन हसू आलं की तिने तोंडावर पदर धरला. बाईंनी आधी रागाने पाहिलं, मग त्याही हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसले.

त्या संध्याकाळी दिव्याचं पुस्तक जिन्याखाली उसवलं. दोरा सुटला तसा घोड्याचा पाचवा फॉर्मा बाहेर आला, सात पोरांच्या घरी जाऊन आलेला आणि कुणाच्या बोटाचा डाग नसलेला. आत्याने सुई ओवली आणि तशीच मांडीवर ठेवली.

“शिवत नाहीस?” भिंगरीने विचारलं.

“तू वाच. मग शिवते.”

भिंगरी पुठ्ठ्यांवर बसली. भिरभिरत नव्हती, पायसुद्धा हलत नव्हता. मधे एकदा “अगं आई गं!” म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. आत्याने वर पाहिलं नाही. कोणतं पान असेल ते तिला माहीत होतं.

घरी व्हायचं ते झालं. भिंगरीच्या आईने पर्स टेबलावर आपटली. “वॉर्डभर सांगितलंय मी! डॉक्टरांना सांगितलंय! आता काय सांगू, माझी मुलगी लबाड आहे म्हणून?”

“लबाड होती म्हणून सांग,” आत्या म्हणाली. “आणि स्वतःहून कबूल झाली, हेही सांग. ते काय कमी आहे?”

“वन्सं, तुम्ही मधे बोलू नका. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात.”

“बसले. चुकलं असेल तर मला बोल.”

आई बोलायला लागली, पण रागाला पुरेसं जेवण पोटात नव्हतं. तिघी जेवायला बसल्या. शेवटी आईनेच, ताटात बघत, तुसड्या आवाजात विचारलं, “काय एवढं आहे त्या घोड्यात?”

आणि भिंगरी सांगू लागली. दहा ओळींत नाही. घरात घोडा कसा आला इथपासून सुरू झाली, मधेच मागे गेली, विसरलेलं आठवून पुन्हा आली. टपालवाल्याने दोर कापला तो पत्रांची पिशवी वाचवायला, आणि घोडा गेला वाहून. पत्रं पोचली, सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली, पण त्याला जेवण जाईना. आणि इकडे खालच्या गावात एका मुलीने घोड्याला बाहेर काढलं, गारठला होता म्हणून स्वतःचा मफलर त्याच्या गळ्यात बांधला. तो परत आला तेव्हा टपालवाला त्याच्याकडे बघूच शकत नव्हता.

“लाज वाटत होती त्याला,” भिंगरी म्हणाली. “मला कळलं ते.”

आईचा हात ताटातच थांबला होता. भाजी गार झाली होती. “मग बोलला का शेवटी त्याच्याशी?”

भिंगरीने आत्याकडे पाहिलं. आत्या पाणी पिण्यात गुंग होती.

“नाही सांगणार,” भिंगरी म्हणाली.

कार्यक्रमाला मंचावर दुसऱ्या नंबरची मुलगी बसली आणि वाचनाचं महत्त्व या विषयावर पाच मिनिटं बोलली. भिंगरी मागच्या रांगेत आत्याशेजारी होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने दचकून वर पाहिलं, कारण मांडीवर दिव्याच्या पुस्तकाचा पहिला फॉर्मा होता.

सोमवारी ग्रंथपालबाईंनी तक्ता उतरवला. भिंतीला रंग द्यायचाय म्हणाल्या. रंग काही दिला नाही. काचेच्या कपाटाची किल्लीही कुठेशी हरवली, कपाट उघडंच राहू लागलं आणि पोरं त्यातलं, खालच्या फळीवरचं, वाटेल ते नेऊ लागली. आवडलं नाही तर तिसऱ्या दिवशी परत आणून टाकू लागली. बाई दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन, वाकून, जिन्याखाली यायच्या. “आत्या, वाळलेलं काही आहे का?”

दिव्याचं पुस्तक शिवायच्या आधी एक काम राहिलं होतं. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा पुसणं हे बाइंडराचं काम, आत्याने आयुष्यभर केलेलं. आता पाचवा फॉर्मा आपल्या जागी, दिव्याच्या पुस्तकात चालला होता. तिथे घोड्याचा काय संबंध? तिने खोडरबर घेतलं.

“आत्या, नको ना,” भिंगरी म्हणाली.

“अगं, दिव्याच्या पुस्तकात ‘घोडा कुठे गेला’ वाचून पोरं वेडी होतील.”

“होऊ देत.”

आत्याने खोडरबर ठेवून दिलं. पेन्सिल उचलून भिंगरीला दिली. भिंगरीने त्या चार अक्षरांखाली पाचवं लिहिलं, ‘घोडा दुसऱ्या पुस्तकात आहे. जिन्याखाली विचारा.’ मग आत्याने शिवलं, जोड दोनदा तपासून.

तीन आठवडे कुणी आलं नाही. आत्या रोज खिडकीकडे बघायची आणि बघत नाही असं दाखवायची. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी, खिडकीच्या चौकटीत आधी दोन हात आले, मग एक डोकं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली मुलगी.

“आत्या, ह्यात तर घोडाच नाहीये. मग हे कुठल्या घोड्याबद्दल विचारतायत?”

आत्याने पुस्तक घेतलं, आडवं धरलं, उजेडात नेलं. पहिल्या पानापासून पासष्टाव्यापर्यंत कडेवर एक फिकट करडी रेघ आली होती. नुकतीच, अजून ओली असावी तशी.

“भिंगरे,” तिने हाक मारली. “तुझं गिऱ्हाईक आलंय.”

भिंगरी पुठ्ठ्यांवरून उतरली, खिडकीशी आली. “कितव्या पानावर आहेस?”

“पासष्ट. दे ना घोडा.”

“आत्ता नाही मिळणार. घोडा वॉर्डात आहे, आईकडे. ती फार हळू वाचते,” भिंगरी म्हणाली. “तोवर तू दिवा संपव.”